सनावळ्यांमागची वयं

आपल्या इतिहासाच्या बाई सर्वांना आठवत असतील. फळ्याच्या एका बाजूला सन, दुसऱ्या बाजूला घटना असं लिहायच्या आणि तास संपायच्या दहा मिनिटं आधी सनांची बाजू पुसून टाकायच्या. मग हातातली पट्टी ज्याच्याकडे वळेल त्याने उभं राहून सन सांगायचा. मला आकडे आवडायचे, त्यामुळे माझी सहसा सुटका व्हायची. पुढे इंजिनिअरिंगला गेले तीही आकड्यांच्याच जिवावर. पण दहावी होऊन तीस वर्षं झाल्यावर, या स्मरणिकेसाठी काही लिहायचं म्हणून जुनी पुस्तकं चाळायला बसले, तेव्हा लक्षात आलं की एक साधी वजाबाकी आपण शाळेत कधी केलीच नाही. घटनेच्या सनातून माणसाच्या जन्माचा सन वजा केला की त्याचं त्या दिवशीचं वय निघतं. लढायांच्या सनावळ्या आपल्याला तोंडपाठ होत्या, पण त्या लढायांमधली माणसं किती वर्षांची होती हे आपण विचारलं नाही. तेव्हा आपल्याला सगळेच मोठे वाटायचे, म्हणून असेल.

मी इतिहासाची अभ्यासक नाही. माझं काम सॉफ्टवेअरचं. तरीही हा विषय घेतला, कारण यातली एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या मुलाची आहे आणि दुसरी आपल्या शहरातल्या एका वर्गातून उठून गेलेल्या मुलाची. आपल्याला दोन्ही शाळेत असतानाच माहीत असायला हव्या होत्या. भिंगारच्या कॅम्पातून येणारी मुलं आपल्या वर्गात होती. के. के. रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की दुरून धप्प धप्प आवाज यायचे आणि आपण मान वर न करता गणितं सोडवत राहायचो. लष्कर आपल्या इतकं जवळ होतं की त्याच्याकडे वेगळं लक्ष द्यावं असं कधी वाटलंच नाही.

पहिली गोष्ट संगमनेर तालुक्यातल्या निमज गावची.

नामदेव जाधव यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. त्या युद्धात हिंदुस्थानी सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती, सगळी स्वेच्छेने भरती झालेली. स्वेच्छा हा शब्द मात्र जरा जपून वापरायला हवा. आपल्या जिल्ह्यातली कोरडवाहू शेती आणि एकाआड एक येणारे दुष्काळ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना पलटणीत भरती होणं म्हणजे घरच्या चुलीची सोय असायची हे वेगळं सांगायला नको.

९ एप्रिल १९४५. उत्तर इटलीतली सेनियो नदी. पात्र फार मोठं नाही, पण दोन्ही काठांना पुराचं पाणी अडवणारे उंच बांध, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मन मशीनगनची ठाणी. मराठा पलटणीला नदी ओलांडून पलीकडचा बांध ताब्यात घ्यायचा होता. नामदेव त्या दिवशी कंपनीचा रनर होता. रनर म्हणजे निरोप्या. कंपनी कमांडरसोबत राहायचं आणि त्याचा हुकूम इकडून तिकडे पोचवायचा, हे त्याचं काम.

पलीकडच्या काठाला लागता लागताच त्या छोट्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले. बाकी जवळजवळ सगळे पडले आणि धडधाकट उरला तो हा निरोप्या. त्याने एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, चढ बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून अलीकडे आणून सोडलं. मग परत गेला आणि दुसऱ्याला आणलं. एवढं करून तो थांबला असता तरी त्याला कुणी बोल लावला नसता. तो तिसऱ्यांदा गेला. एक मशीनगनचं ठाणं त्याने बंद पाडलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून देऊन त्याने हातबॉम्ब घेतले आणि एकामागोमाग आणखी दोन ठाणी उडवली. मध्ये बॉम्ब संपले, तर बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या उतारावरच्या साथीदारांकडून आणखी घेतले. शेवटी, उखळी तोफांचा मारा चालू असताना, तो बांधावर उघड्यावर उभा राहिला, मराठ्यांची रणगर्जना केली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं.

आता वजाबाकी करा. १९४५ वजा १९२१, आणि नोव्हेंबर अजून यायचा होता. तेवीस वर्षं.

या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतलं युद्ध संपलं २ मे १९४५ ला, म्हणजे त्यानंतर अवघ्या २३ दिवसांनी. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्यांच्याच डिव्हिजनमधल्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर या शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो कोहाटकडचा. दोन वर्षांनी फाळणी झाली आणि एका नदीवर एका बाजूने लढलेले हे दोघं दोन देशांचे झाले.

हे नाव आपण शाळेत का ऐकलं नाही, याचा मी बराच विचार केला. सहामाही परीक्षेनंतर आपली सहल भुईकोट किल्ल्यात गेली होती. पंडित नेहरूंना ठेवलं होतं ती खोली दाखवताना बाईंचा आवाज हळू झाला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आणि काँग्रेस कार्यकारिणीतले इतर नेते इथे आणले गेले. १९४४ मध्ये नेहरूंनी याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. म्हणजे ज्या इंग्रज सरकारने आपल्या गावच्या किल्ल्यात देशाचे नेते कोंडले होते, त्याच सरकारच्या सैन्यात आपल्याच जिल्ह्यातला एक मुलगा होता. स्वातंत्र्यानंतर पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना अशा मुलांचं काय करावं हे कळलं नसणार. पदक इंग्रजांच्या राजाचं, शत्रू फॅसिस्ट, रणांगण परक्याचं. ते स्वातंत्र्याच्या धड्यात बसत नव्हते आणि इंग्रज तर निघून गेले होते.

मला स्वतःला हा पेच पूर्ण सुटलेला नाही. पण इतकं कळतं की पाण्यातून जखमीला खांद्यावर घेऊन येणारा मुलगा त्या क्षणी कुठल्या राजासाठी काही करत नव्हता. त्याचा सोबती पलीकडे पडला होता, म्हणून तो परत गेला. किल्ल्यातली ती खोली आणि निमज गाव, दोन्ही आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहेत, आणि एकाचा मान ठेवला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही.

त्याच पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे. त्यांचाही जन्म नोव्हेंबर १९२१ चाच. १० जुलै १९४४ ला इटलीतल्या अप्पर टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या एका फैरीत पडले. त्यांनी एकट्याने त्या ठाण्यावर धाव घेतली, आधी बॉम्ब टाकला, मग टॉमीगन चालवली, आणि काडतुसांची पेटी बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. ठाणं हाती आलं आणि लगेच लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने एक सौरघड्याळ स्मारक म्हणून उभारलं गेलं. इतक्या दूरच्या गावाला, जिथे मराठीचा एक शब्द कुणाला येत नाही, त्यांची आठवण ठेवावीशी वाटली, हे वाचून मला बरं वाटलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

दुसरी गोष्ट १९७१ ची, आणि ती आपल्या नगरातच सुरू होते.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. जन्मसालाने तो आपल्या आईवडिलांच्या पिढीचा, पण तो जिथे थांबला तिथे आज तो माझ्या मुलापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठा आहे. जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०. घराणं सैनिकांचं, वडील इंजिनिअर्स कोअरमध्ये. खडकवासल्याची एनडीए, मग डेहराडून, आणि १३ जून १९७१ ला १७ पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये कमिशन. नव्या अधिकाऱ्यांना रणगाडा आणि त्याची तोफ शिकवायचा जो यंग ऑफिसर्स कोर्स असतो, तो आपल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये. हिवाळ्यात युद्धाची चिन्हं दिसू लागली, कोर्स अर्धवट थांबवला गेला आणि मुलांना आपापल्या रेजिमेंटमध्ये जायचे हुकूम निघाले. अरुण वाटेत दिल्लीला घरी उतरला. त्याच्या सामानात गोल्फच्या काठ्या होत्या आणि मेजवानीला घालायचा निळा गणवेश होता. लाहोरला गोल्फ खेळू आणि विजयानंतरच्या जेवणाला हा गणवेश लागेल, असं त्याचं म्हणणं. यावर हसावं की रडावं कळत नाही. एकवीस वर्षांच्या मुलाने भरलेली बॅग अशीच असणार.

१६ डिसेंबरला शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे आपल्या सैन्याने पाय रोवला होता. सुरुंगांचं शेत पुरतं साफ झालेलं नसताना पूना हॉर्सचे रणगाडे पलीकडे गेले होते. जरपालजवळ पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचा मोठा हल्ला आला आणि एका क्षणी समोर आपले तीनच रणगाडे उरले. एकाला मार बसला, दुसऱ्याची तोफ बंद पडली. राहिला अरुणचा सेंच्युरियन. त्याचं नाव ‘फामागुस्ता’, सायप्रसमधल्या एका बंदरावरून ठेवलेलं. त्यालाही गोळा लागला, आग लागली. रणगाडा सोडून बाहेर ये, असा वायरलेसवरून हुकूम आला. माझी तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं आणि वायरलेस बंद केला. त्याने स्वतः चार रणगाडे उडवले, शेवटचा तर जेमतेम शंभर मीटरवरचा. मग दुसरा गोळा बसला. त्याच्यासोबत रणगाड्यात असलेला नंद सिंगही त्या लढाईत कामी आला. शत्रूला त्या जागेतून पुढे सरकता आलं नाही.

ही लढाई सकाळची. त्याच दिवशी दुपारी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही झाली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडची लढाईही थांबली. अरुणचं वय एकवीस वर्षं, दोन महिने, दोन दिवस. नोकरी सहा महिन्यांची. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेला तो तोपर्यंतचा सर्वांत तरुण सैनिक होता. खडकवासल्याला एनडीएचं संचलन होतं त्या मैदानाला त्याचं नाव आहे. आणि तो ‘फामागुस्ता’ दुरुस्त करून आज आपल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला आहे. ज्या वर्गातून मुलगा उठून गेला, त्याच आवारात त्याचा रणगाडा परत आला.

माझ्या ऑफिसात दरवर्षी कॉलेजमधून नुकती बाहेर पडलेली मुलं येतात. एकवीस-बावीस वर्षांची. पहिले सहा महिने आम्ही त्यांना प्रॉडक्शन सर्व्हरचा पासवर्डसुद्धा देत नाही. शुक्रवारी संध्याकाळी कुठलाही बदल करू नका म्हणून बजावतो. कारण अजून लहान आहेत, चुकतील. हे वाचल्यावर मी त्या मुलांकडे थोडं वेगळ्या नजरेने बघायला लागले. त्यांना पासवर्ड अजूनही देत नाही, पण ‘ही आजकालची मुलं’ हे वाक्य तोंडातून निघेनासं झालं आहे.

या कथेचा पुढचा भागही सांगितला पाहिजे. २००१ मध्ये अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, ८१ व्या वर्षी आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. निघायच्या आदल्या रात्री नासेर यांनी त्यांना सांगितलं की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. त्यांनी अरुणच्या शौर्याचं मनापासून कौतुक केलं. तीस वर्षं ते हे मनात घेऊन जगले होते. त्या दोन वृद्ध माणसांचं एकमेकांसमोर बसणं मला बसंतरच्या लढाईइतकंच मोठं वाटतं. लढाई ठरवतात पन्नाशी-साठीतली माणसं, लढतात विशीतली मुलं, आणि हिशेब चुकता करत बसतात म्हातारे आईबाप. शौर्याची आठवण काढताना हा हिशेब वगळला, तर ती आठवण अर्धीच राहते.

मित्रमैत्रिणींनो, आता आपलं गणित. १९९९ च्या उन्हाळ्यात आपण एकवीस वर्षांचे होतो. माझी इंजिनिअरिंगची परीक्षा झाली होती आणि नोकरीच्या काळजीत मी मेसच्या टीव्हीवर कारगिलच्या बातम्या बघत होते. ४ जुलैला टायगर हिलच्या कड्यावर कित्येक गोळ्या अंगावर घेऊनही पुढे जात राहिलेला १८ ग्रेनेडियर्सचा योगेंद्र सिंग यादव तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. परमवीरचक्र मिळालेला तो सर्वांत तरुण. शाळेत असता तर आपल्यापेक्षा दोन वर्गांनी मागे. टीव्हीवर त्यांना जवान म्हणत होते आणि तो शब्द ऐकून मला कुणीतरी मोठी माणसं डोळ्यांसमोर यायची. वजाबाकी तेव्हाही केली नव्हती.

रणगाडा संग्रहालय सुरू झालं फेब्रुवारी १९९४ मध्ये, आपण दहावीच्या पूर्वपरीक्षेत बुडालेलो असताना. त्यामुळे शाळेतून जायचं राहून गेलं. मी गेले ती परवाच्या दिवाळीत, मुलाला घेऊन. तो अठरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याने एनडीएचा फॉर्म भरला, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नव्हते. अजून लहान आहेस, एवढंच म्हणत राहिले. लेखी परीक्षेत तो थोडक्यात राहिला आणि खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. संग्रहालयात तो एका सेंच्युरियनजवळ बराच वेळ उभा होता. मी विचारलं, आत किती उकडत असेल रे? तो म्हणाला, ‘आई, चार जण बसायचे आत.’ बाकी काही बोललो नाही. यंदा तो पुन्हा परीक्षेला बसणार आहे. मी फॉर्मची फी भरली. आईचं मन तयार झालंय असं म्हणणार नाही, पण तो लहान आहे हे कारण आता मला सांगता येत नाही.

नामदेव जाधव युद्धातून परत आले. पुढे हवालदार झाले आणि १९८४ साली गेले. तेव्हा आपण पहिलीत होतो. म्हणजे आपण पाटीवर अ आ इ गिरवत होतो तेव्हा सेनियोच्या बांधावर उभा राहिलेला तो निरोप्या हयात होता. १५ ऑगस्टला आपल्या शाळेत त्यांना बोलावता आलं असतं. आपल्याला माहीत नव्हतं, म्हणून बोलावलं गेलं नाही.

म्हणून स्नेहमेळाव्यात एक मागणी मांडणार आहे, आधीच सांगून ठेवते. आपली तुकडी शाळेला भेट देणार आहे ती वॉटर कूलरच्या ऐवजी, किंवा त्याच्यासोबत, एका फलकाची असावी. ग्रंथालयाच्या भिंतीवर लावायचा. त्यावर आपल्या जिल्ह्यातल्या आणि आपल्या शहराशी नातं असलेल्या अशा सैनिकांची नावं, गाव, लढाई आणि तारीख. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, निमज गाव आहे तिथेच आहे. नावं शोधायचं काम मी आणि आणखी दोघी-तिघी करू. फक्त एक रकाना जास्तीचा ठेवायचा, वयाचा. तो आपण भरायचा नाही. जन्मतारीख आणि लढाईची तारीख लिहायची आणि वयाची जागा रिकामी सोडायची. आठवी-नववीतली मुलं समोर उभी राहून मनातल्या मनात वजाबाकी करतील. आलेलं उत्तर आणि स्वतःचं वय यांच्यात फारसं अंतर नाही, हे त्यांचं त्यांना कळेल.

बाई, पट्टी घेऊन या. या वेळी सन आम्ही सांगू, वय मुलांना विचारा.

— १९९४ च्या दहावीतली एक विद्यार्थिनी